शर्यतदोष, बहुधागी आज्ञावलींच्या चाचण्यांतील

संगणकाच्या एकाच आज्ञावलीतील दोन किंवा अधिक कार्यप्रवाह एकच स्मृतिस्थान वा साधन वापरीत असताना, त्यांपैकी कोणता प्रवाह आधी पोहोचतो यावर फलाची अचूकता अवलंबून राहिली, तर त्या स्थितीला शर्यतदोष किंवा ‘रेस कंडिशन’ म्हणतात. अशा प्रत्येक कार्यप्रवाहास धागा वा थ्रेड आणि अनेक धागे असलेल्या आज्ञावलीस बहुधागी आज्ञावली अशी संज्ञा आहे.

एखाद्या चलाचे मूल्य एकाने वाढविण्याची क्रिया लिहिताना एका ओळीची दिसते. प्रत्यक्षात मूल्य वाचणे, त्यात एक मिळविणे व नवे मूल्य परत लिहिणे अशा तीन टप्प्यांत ती घडते. दोन धाग्यांनी १७ हे मूल्य लागोपाठ वाचले, तर दोघेही १८ लिहितात आणि एक वाढ हरवते. प्रत्येकी दहा टप्प्यांचे दोन धागे घेतले, तर ते टप्पे एकमेकांत मिसळण्याचे १,८४,७५६ क्रम संभवतात. चाचणी एकदा चालविली म्हणजे त्यांतील एकच क्रम तपासला जातो. आणि संगणकावरील भार तसाच राहिला, तर हजार वेळा चालवूनही बहुधा त्याच मूठभर क्रमांची पुनरावृत्ती होते.

आज्ञावलीत काहीही बदल केला नसता जी चाचणी कधी उत्तीर्ण तर कधी अनुत्तीर्ण होते, तिला अस्थिर चाचणी म्हणतात. अस्थिरतेचे मूळ चाचणीच्या रचनेत असू शकते, तसेच ते तपासल्या जाणाऱ्या आज्ञावलीतही असू शकते. हे निश्चित करण्यापूर्वीच, उत्तीर्ण होईतो चाचणी पुन्हापुन्हा चालविण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा प्रघात घातक होय, कारण क्वचित येणारे अपयश हा पुष्कळदा खऱ्या दोषाचा एकमेव पुरावा असतो. थेरॅक–२५ या कॅनडात बनविलेल्या किरणोपचार यंत्राने १९८५–८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. त्यांपैकी काही दगावले. १९८६ मध्ये टेक्ससमधील टायलर येथे झालेल्या दोन अपघातांचे मूळ शर्यतदोषात होते. चुंबकांची जुळणी होण्यास सुमारे आठ सेकंद लागत आणि तेवढ्यात चालिकेने पडद्यावरील नोंद दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती यंत्राच्या एका भागास कळत नसे. पहिल्या अपघातानंतर उत्पादकाच्या तंत्रज्ञांना तो बिघाड पुन्हा घडवून आणता आला नाही. दुसऱ्या अपघातानंतर रुग्णालयातील भौतिकीविज्ञ व चालिका यांनी सरावाच्या वेगाने नोंदी करून तो घडवून दाखविला.

दोष चाचणीतच असेल, तर त्याचे सर्वांत सामान्य रूप म्हणजे ठरावीक विलंब. दुसरा धागा सुरू करावयाचा, १०० मिलिसेकंद थांबावयाचे आणि मग फल तपासावयाचे, अशी ही रचना असते. संगणक अन्य कामांत गुंतला की ही मुदत अपुरी पडते. मग ती वाढवून ५०० केली जाते. चाचण्या मंदावतात, पण दोष तसाच राहतो. कालांतर म्हणजे क्रमाची हमी नव्हे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या ‘आधी घडले’ या संबंधाचे मर्मही हेच आहे : दोन घटनांचा क्रम घड्याळावरून नव्हे, तर एकीकडून दुसरीकडे पोहोचलेल्या संदेशावरून सिद्ध होतो.

म्हणून विलंबाच्या जागी घटनेची प्रतीक्षा योजतात. जावा भाषेत २००४ पासून उपलब्ध असलेला ‘काउंटडाउन लॅच’ त्यासाठी सोयीचा आहे. धाग्यांच्या संख्येइतका आकडा त्यात ठेवतात, प्रत्येक धागा काम संपताच तो एकाने कमी करतो आणि आकडा शून्य झाला की मुख्य धागा पुढे सरकतो. प्रतीक्षेला दहा सेकंदांसारखी कमाल मर्यादा घालतात, परंतु ती केवळ चाचणी अडकून पडू नये यासाठी. घटना घडताच प्रतीक्षा संपते. याउलट, सर्व धागे एकदमच झुंजावेत असा हेतू असल्यास त्यांना प्रथम एका अडसरापाशी थांबवून एकत्र सोडावे लागते, नाहीतर दुसरा धागा सुरू होईतो पहिल्याचे काम आटोपते आणि शर्यत होतच नाही. ज्या आज्ञावली स्वतःच घड्याळ पाहतात, त्यांना चाचणीपुरते कृत्रिम घड्याळ पुरविणे उत्तम. आणखी एक फसवी बाब म्हणजे, अनेक चाचणी-चौकटींत दुय्यम धाग्यात उद्भवलेली त्रुटी मुख्य धाग्यास कळतच नाही व चाचणी उत्तीर्ण ठरते. अशी त्रुटी जतन करून मुख्य धाग्याकडे पोहोचवावी लागते.

दोष मूळ आज्ञावलीत आढळल्यास सामायिक चलाभोवती कुलूप घालतात किंवा अविभाज्य क्रिया वापरतात. कुलपामुळे एका धाग्याने केलेला बदल पुढे तेच कुलूप घेणाऱ्या धाग्यास निश्चितपणे दिसतो, हे त्याचे दुसरे कार्य दुर्लक्षिले जाते. केवळ लिहितानाच कुलूप लावून वाचन मोकळे सोडण्याची चूक त्यातूनच होते.

दुरुस्तीस निरुपयोगी ठरणारा विलंब दोष शोधण्यास मात्र उपयोगी पडतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांतील सुमारे पाच कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. त्याच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे ओहायओतील नियंत्रण कक्षाची बंद पडलेली इशारा-यंत्रणा. तिच्यातील शर्यतदोष हाती लागण्यास अनेक आठवडे लागले. आज्ञावलीत मुद्दाम विलंब घालून तो उघड करावा लागला. याच्या नेमके उलटही घडते : दोष शोधण्यासाठी मुद्रणाची एखादी आज्ञा घातली की कालक्रम बदलून दोष दिसेनासा होतो. अशा दोषास भौतिकीविज्ञ हायझेनबेर्क यांच्या नावावरून विनोदाने ‘हायझेनबग’ म्हणतात.

अलीकडे हे काम साधनांकडे सोपविले जाते. ‘इरेझर’ (१९९७) हे साधन प्रत्येक सामायिक चलास सातत्याने एखादे कुलूप लाभते की नाही हे पाहते. गूगलचे ‘थ्रेडसॅनिटायझर’ ‘आधी घडले’ या संबंधाच्या आधारे, फल चुकीचे आले नसतानाही, धोक्याची जागा दाखविते. मात्र आज्ञावलीचा जो भाग चाचणीत चाललाच नाही, त्याविषयी ते मौन पाळते. मायक्रोसॉफ्टच्या ‘चेस’ या साधनात धाग्यांच्या पाळ्या साधनच ठरवते आणि निरनिराळे क्रम पद्धतशीरपणे चालवून पाहते. पुष्कळसे दोष धागा मध्येच थांबविण्याच्या अगदी थोड्या प्रसंगांत उघड होतात, असे या कामातून दिसून आले. ज्या क्रमात चाचणी फसली तो क्रम नोंदलेला असल्याने तीच चूक हवी तेव्हा पुन्हा घडविता येते व दुरुस्ती झाली की नाही हे त्याच क्रमावर ताडून पाहता येते.