दुखण्याचा डॉक्टर : जॉन बोनिका

कुपत होलीममध्ये हाडांचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा. पण निव्वळ दुखण्याचाही डॉक्टर असतो आणि त्याच्या दवाखान्याला 'मिर्पाअत केएव' म्हणतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. ही कल्पना रुजवली डॉ. जॉन बोनिका यांनी.

१९१७ साली इटलीच्या फिलिकुडी या लहानशा बेटावर जन्म. पोरवयातच अमेरिकेत आले. वडील लवकर वारले. डॉक्टरकीचा खर्च त्यांनी कुस्त्या खेळून भागवला, तोंडावर मुखवटा चढवून!

महायुद्धात ते वॉशिंग्टन राज्यातील लष्करी इस्पितळात भूल देण्याच्या विभागाचे प्रमुख होते. जखम भरली तरी काही सैनिकांचे दुखणे जाईना. एखाद्याचा हात कापलेला, आणि दुखे तो नसलेला हातच. पुस्तकांत उत्तर मिळेना. मग मज्जातंतूंचा, हाडांचा, मनाचा असे निरनिराळे डॉक्टर एकत्र बसवून ते एकेका रोग्याचा विचार करू लागले. १९५३ साली त्यांचा दुखण्यावरचा जाडजूड ग्रंथ निघाला.

कुस्तीतल्या मारामुळे ते स्वतः १९९४ साली वारेपर्यंत दुखणे सोसत होते. म्हणूनच असेल, फार दिवस टिकलेले दुखणे हा स्वतःच एक रोग आहे, असे ते ठासून सांगत. आपण मात्र "वय झालं, दुखणारच" म्हणून गप्प बसतो. घरच्या डॉक्टरला कुठे, केव्हापासून, कसे दुखते आणि रात्री झोप लागते का, ते सांगावे व हफनाया मागावी.