अम्मीनं सांगितलेली नावं

पाटणच्या आमच्या घरात फोटोंची एक पत्र्याची पेटी आहे. त्यातले काही फोटो अब्बांनी ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतर उसन्या कॅमेऱ्यानं काढलेले. कोयनानगर उद्ध्वस्त झालं होतं आणि इकडे माणसं घराबाहेर झोपत होती. २०११ साली मी ते फोटो स्कॅन केले आणि अम्मीला संगणकासमोर बसवलं. चेहरा पाहून ती नाव सांगायची, मी टाइप करायचो.

हे काम केलं 'पिकासा' या गुगलच्या मोफत प्रोग्रॅमवर. फोटोतले चेहरे तो आपणहून हेरतो, नाव आपण द्यायचं. २०१६ साली गुगलनं पिकासा बंद केला, तरी घरच्या संगणकावर तो चालत राहिला. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०ची मुदत संपली, म्हणून मी विंडोज ११चा नवा संगणक घेतला. जपून ठेवलेल्या सेटअप फाइलवरून पिकासा बसवला, पेनड्राइव्हवरून फोटो आणले. फोटो दिसले, नाव मात्र एकही नाही. अम्मी २०१९ साली गेली. आता विचारायचं कोणाला?

मंडळी, चूक माझीच होती. पिकासा मूळ फोटोला सहसा हात लावत नाही. चेहऱ्यांची नावं, केलेली काटछाट हे सारं तो फोटोंच्याच फोल्डरमध्ये एका लपलेल्या छोट्या फाइलीत लिहून ठेवतो. मी फोटो तेवढे निवडून कॉपी केले, ती फाइल मागेच राहिली.

"चाचा, जुना संगणक भंगारात नाही ना दिला?" पुतण्यानं विचारलं. नव्हता दिला. त्यानं लपलेल्या फाइली दिसतील असं केलं, अख्खे फोल्डर उचलून आणले. बहुतेक नावं परत आली.

तेव्हा संगणक बदलताना अख्खा फोल्डर कॉपी करा आणि नवा नीट चालेपर्यंत जुना पुसू नका. सेटअप फाइल वेगळी जपा. विंडोजवर जुना प्रोग्रॅम अडला, तर त्याच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मधल्या 'कम्पॅटिबिलिटी'त जुनी विंडोज निवडून पाहा; त्या प्रोग्रॅमपुरती नवी यंत्रणा जुन्यासारखी वागते. ॲपलच्या संगणकावर ही सोय नाही. २०१९च्या 'कॅटॅलिना'पासून तिथे ३२ बिटचे जुने प्रोग्रॅम चालतच नाहीत.

पण असं किती वर्षं चालवणार? म्हणून पिकासाच्या 'ऑप्शन्स'मध्ये नावं फोटोतच साठवण्याची सोय आहे, ती मी सुरू केली. आता ती दुसऱ्या काही प्रोग्रॅमलाही वाचता येतात. शिवाय पेटीतल्या प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीनं नाव लिहितो आहे. चार चेहरे अजून बिननावाचे आहेत. त्यांच्यासाठी गल्लीतल्या जुन्या माणसांकडे पुढच्या आठवड्यात पेटी घेऊनच जाणार आहे.