कोवळी ज्वारी आणि किराळ

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंची गाभण गाय गेल्याचं कळलं आणि बचतीचा विषय बाजूलाच राहिला. गटाच्या कर्जातून घेतलेली गाय. पावसानं ताण दिलेला, कापलेल्या ज्वारीला फुटवे आलेले, गाय दावं तोडून त्यात शिरली. बाया म्हणाल्या, नजर लागली. नजर कसली, किराळ लागली!

गुडघ्याएवढ्या कोवळ्या ज्वारीत, त्यातही पाण्याचा ताण पडला की, एक द्रव्य साठतं. जनावराच्या पोटात त्यातून सायनाइडचं विष सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. म्हणून रक्त लालभडक दिसतं. जनावर धापा टाकतं, लाळ गाळतं, लटपटून आडवं पडतं. कधी काही मिनिटांतच संपतं.

सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन शिरेतून वेळेत मिळालं तर जनावर वाचू शकतं, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं. त्यांचा नंबर आम्ही आता गोठ्याच्या दारावरच लिहितो. हिरवी ज्वारी फुलोऱ्यावर आल्याशिवाय घालू नका. चांगला वाळलेला कडबा चालतो. शेळ्यांनाही हेच.

त्या गाईचा विमा नव्हता. ताईंचे हप्ते कसे भागवायचे, ते येत्या सोमवारी बसून ठरवणार आहोत.