कोकम व मेदी यकृत
कोकम व मेदी यकृत : (कोकम — रातांबा, भिरंड, लॅ. गार्सिनिया इंडिका, कुल-क्लुसिएसी). यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक कोशिकांत (पेशींत) वसेचे थेंब साठले म्हणजे त्या स्थितीस मेदी यकृत म्हणतात. मद्यपान न करणाऱ्यांतही, विशेषतः लठ्ठपणा व मधुमेह यांच्या जोडीने, ती आढळते. पुढे काहींच्या यकृतात दाह होऊन तंतुमयता वाढते. कोकम यावर गुणकारी असल्याचे अनेकदा सांगितले जाते, म्हणून त्यातील द्रव्यांचा विचार येथे केला आहे.

कोकणात धामापूरसारख्या (ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग) गावांत एप्रिल-मे महिन्यांत फळे पिकतात. साल त्याच फळांच्या रसात वारंवार भिजवून व उन्हात वाळवून आमसूल करतात. मीठ घालून टिकविलेला रस म्हणजे आगळ. बियांपासून भिरंडेल ही घट्ट वसा मिळते. सालीचा लाल रंग अँथोसायनिनांमुळे येतो. तीत गार्सिनॉल हे पिवळे द्रव्य व हायड्रॉक्सिसिट्रिक अम्लही असते.

हे अम्ल कोकमाच्या जातभाईत, म्हणजे गार्सिनिया कँबोजियाच्या फळांत, प्रमुख असल्याचे वाय. एस. लुईस व एस. नीलकंठन यांनी १९६५ मध्ये दाखविले. यकृतात जादा शर्करेपासून वसा तयार होताना सायट्रेटाचे विभाजन होऊन ॲसिटिल को-एंझाइम ए मिळते. हे विभाजन घडविणाऱ्या एंझाइमास हायड्रॉक्सिसिट्रिक अम्ल रोधते, असे १९६९ मध्ये आढळले. मात्र वाळविताना व तापविताना या अम्लाचा काही भाग लॅक्टोनात बदलतो आणि लॅक्टोनात ही रोधक्षमता फारशी नसते. कालवणातल्या आमसुलाकडून औषधाची अपेक्षा धरणे म्हणूनच फोल होय. अम्ल वेगळे काढून दिले तरी फरक पडेलच असे नाही : १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १३५ लठ्ठ व्यक्तींना १२ आठवडे कँबोजियाचा अर्क किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली, दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय अंतर दिसले नाही.

उलट अर्काने यकृतासच इजा झाल्याची उदाहरणे आहेत. १ मे २००९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वजन घटविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिकट या मिश्र उत्पादनांविरुद्ध इशारा दिला. त्यांच्या सेवनानंतर कावीळ व यकृतविकार झाल्याच्या २३ नोंदी तेव्हा होत्या. २०२२ मधील एका अभ्यासात कँबोजियामुळे झालेल्या इजेचे २२ रुग्ण वर्णिले असून एका विशिष्ट आनुवंशिक घटकाशी तिचा संबंध आढळला. हे निष्कर्ष कोकमाच्या सोलकढीस लावता येत नाहीत. गोळीतील मात्रा व वाटीतील मात्रा यांत मोठा फरक आहे. तथापि ‘वनस्पतिजन्य’ म्हणून विकला जाणारा अर्क वैद्याला न विचारता घेऊ नये.

घरगुती वापरात खरा प्रश्न साखरेचा आहे. अमृत कोकमात रसापेक्षा साखरच भारी असते. तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज असून त्याचे चयापचय मुख्यतः यकृतात होते व जादा झाल्यास त्यापासून तेथे वसा बनते. आगळात साखर नसली, तरी मीठ भरपूर असते, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी ते बेतानेच घ्यावे. सोलकढीत नारळाच्या दुधातील संतृप्त वसाही येते. बिनसाखरेचे, पाण्यात कोळलेले आमसूल हा यांतला निर्धोक प्रकार होय. पण त्याचे कार्य तहान व तोंडाची चव यांपुरतेच मानावे. यकृतातील मेद उतरतो तो वजन ७ ते १० टक्के घटविल्याने, नियमित व्यायामाने आणि मद्य वर्ज्य केल्याने.