वयात येणाऱ्या दोन मैत्रिणी : वैद्याने कोणाकडे पाहावे?

बाल्य आणि तारुण्य यांच्या संधिकालातील मुली स्वतः होऊन चिकित्सालयात क्वचितच येतात. त्यांच्या माता प्रश्न घेऊन येतात. ‘हिच्या बरोबरीची केवढी झाली, आमचीच का मागे?’ हा त्यांतील नित्याचा प्रश्न होय. त्याचा शास्त्रीय विचार येथे करावयाचा आहे.

मुचकुंदीच्या मुखावरील पूर्णगड येथे आम्ही व्यवसाय करतो. आमची कन्या व तिची शेजारची मैत्रीण यांची वाढ आम्ही बालवाडीपासून पाहत आलो. आज दोघीही विशीत असून त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहोत. मैत्रिणीस अकराव्या वर्षी रजोदर्शन झाले, आमच्या कन्येस चौदाव्या वर्षी. मधल्या तीन वर्षांत एक ‘थोराड’ ठरली, दुसरी ‘किरकोळ’. पहिली पोक काढून चालू लागली, दुसरी भिंतीवर उंचीच्या खुणा करू लागली. कन्येस काहीतरी वाढीचे औषध द्यावे, असा घरातून आग्रह झाला. औषधालय घरचेच असूनही आम्ही ते दिले नाही.

कारण सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातच सांगितले आहे. कळीत गंध असतोच, परंतु तो फूल उमलल्यावरच व्यक्त होतो. त्याचप्रमाणे रज, स्तन व रोमराजी ही लक्षणे वयपरिणामाने प्रकट होतात. रजोदर्शनाचे वय त्यांनी बारा वर्षे सांगितले असले, तरी प्रकृती, आहार व कुलपरंपरा यांनुसार ते मागेपुढे होते. चरकाचार्यांच्या मते सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात व तिसाव्या वर्षापर्यंत वाढत राहतात. म्हणजेच रजोदर्शन ही वाढीची पूर्णता नव्हे.

आधुनिक निरीक्षणही याला पूरक आहे. स्तनोद्गमानंतर साधारणतः दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. उंचीची वेगवान वाढ त्यापूर्वी होते. नंतर बहुधा 5 ते 7 सेंटिमीटरच उरते. म्हणून लवकर वयात येणारी मुलगी आधी उंच दिसते व मग थांबते. उशिरा येणारी पुढे तिला गाठते. या दोघींची उंची सोळाव्या वर्षी जवळजवळ सारखी झाली.

सर्वांचे लक्ष ‘लहान’ राहिलेलीकडे असताना खरी रुग्ण दुसरीच होती. तेराव्या वर्षी मैत्रीण आमच्या घरचा जिना चढताना धापा टाकू लागली. नखे व नेत्र पांडुर दिसत होते. विचारता, पाळीत सात-आठ दिवस अतिस्राव होत असल्याचे कळले. ‘अंगाने भरलेली आहे, तिला काय झाले?’ हे तिच्या आईचे उत्तर. तपासणीत हिमोग्लोबिन 9.2 ग्रॅम आले. या वयात ते किमान 12 असावे. स्रावाच्या कारणांची तपासणी करवून घेऊन आम्ही नवायस लोह योजले, कुळीथ, मासे व लिंबू आहारात वाढविले आणि जेवणानंतरचा चहा बंद केला. तीन महिन्यांनी प्रमाण 11.8 झाले व ती पुन्हा शाळेच्या मैदानावर दिसू लागली.

हा अपवाद नव्हे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 19 वयोगटातील 59.1 टक्के मुलींमध्ये रक्ताल्पता आढळली. पांडुरोग भरलेल्या अंगाआडही लपतो.

उशीर व घाई यांच्या मर्यादा मात्र व्यवसायी बंधुभगिनींनी ध्यानात ठेवाव्यात. आठव्या वर्षापूर्वी स्तनोद्गम होणे, तेराव्या वर्षापर्यंत तो न होणे, पंधराव्या वर्षापर्यंत पाळी न येणे, किंवा उंची वाढण्याचे अकाली थांबणे, यांपैकी काहीही आढळल्यास केवळ धीर देऊन भागत नाही, तज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधालयचालकांना विशेष विनंती. कोणी उंचीचे वा ‘अंग भरण्याचे’ चूर्ण मागितल्यास पुडी बांधण्यापूर्वी वय, पाळीचे दिवस आणि थकवा विचारावा. लोहकल्प देताना शाळेतून साप्ताहिक लोहगोळी मिळते काय, हेही विचारावे, म्हणजे मात्रा दुप्पट होणार नाही. उंची व वजन दर सहा महिन्यांनी नोंदवावे आणि मुलीची तुलना मैत्रिणीशी न करता तिच्याच मागील नोंदीशी करावी. सोबत आलेल्या मैत्रिणीच्या नखांकडेही एकदा पाहावे.