जुनी मोटारसायकल घेण्यापूर्वी तिचे दाखले कसे वाचावेत

शेतकरी जमीन विकत घेतो तेव्हां सात-बाराचा उतारा पाहतो, फेरफार चाळतो, इतर हक्कांच्या रकान्यांत कोणाचा बोजा नाहीं ना याची खात्री करून घेतो आणि मगच इसाराची रक्कम मोजतो. तोच शेतकरी जुनी मोटारसायकल घेतांना मात्र तिचा रंग पाहतो, एक फेरी मारतो व रोख पैसे देऊन मोकळा होतो. महसूल खात्याच्या कारकुनींत आमचें आयुष्य गेल्यामुळें कागद वाचण्याची आम्हांस संवय आहे. तिच्या आधारें या विषयाचें थोडें विवेचन वाचकबंधूंपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, खासगी मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत चालते, व त्या मुदतींत सरकारी निरीक्षकाकडून तिचे ब्रेक अगर सांगाडा तपासून घेण्याचा नियम नाहीं. मुदत संपल्यावर गाडी परिवहन कचेरींत तपासणीस न्यावी लागते. ती योग्य ठरल्यास नोंदणी पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते. सन २०१२ च्या जूनांत नोंदलेल्या गाडीची मुदत सन २०२७ च्या जूनांत पुरी होते. मुदत संपत आलेली गाडी स्वस्त मिळते खरी, परंतु नूतनीकरणाचा खर्च व गाडी नापास होण्याचा धोका, हीं दोन्ही घेणाऱ्याच्या माथीं येतात. सबब नोंदणीपुस्तकांतील मुदतीची तारीख आधीं वाचावी व किंमत मागाहून बोलावी.

दुसरा कागद प्रदूषण नियंत्रणाचा, ज्यास सर्व लोक पीयूसी म्हणतात. नवी गाडी एक वर्षाची झाल्यावर हा दाखला लागतो. भारत स्टेज चार व त्यापुढील गाड्यांस तो बारा महिने चालतो. त्याहून जुन्या गाड्यांस सहाच महिने. विक्रेत्याजवळ मागील दाखले असल्यास ते तारखेच्या क्रमानें लावून पाहावेत. मध्यें मोठा खंड असेल तर त्या काळांत गाडी कोठें होती, हें विचारण्यास संकोच करूं नये. मात्र या दाखल्याचा अर्थ धुरापुरताच आहे. त्यावरून ब्रेक, साखळी वा चाकें चांगलीं आहेत असें मुळींच ठरत नाहीं. सर्व्हिसचें पुस्तक असल्यास त्यांतील तारखा व किलोमीटर यांचा मेळ घालावा. मागील नोंदीपेक्षां आजचा आंकडा कमी दिसल्यास काटा फिरविलेला अगर मीटर बदललेलें आहे असें समजावें.

तिसरी गोष्ट, गाडीचा क्रमांक केंद्र सरकारच्या परिवहन ॲपवर घालून पाहावा. नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी व कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा तेथें दिसतो. बोजा असेल तर संस्थेचें कर्ज फिटल्याचें पत्र व नमुना ३५ घेऊन तो कमी करवून घ्यावा. नुसत्या तोंडी आश्वासनावर जाऊं नये. वाहतूक पोलिसांचें ई-चलन थकलें आहे काय, हेंही त्याच वेळीं पाहावें. सीमेवरील गांवांत कर्नाटकांतील गाड्या पुष्कळ विकावयास येतात. अशा गाडीस तेथील परिवहन कचेरीचें ना-हरकत पत्र लागतें.

कागद जुळले म्हणजे गाडीकडे वळावें. चासिस व इंजिन यांवरील क्रमांक पुस्तकाशीं अक्षर अक्षर ताडून पाहावेत. अक्षरें घासलेलीं दिसल्यास व्यवहार तेथेंच सोडावा. विक्रेत्यास गाडी आधीं चालू करून ठेवूं नको, असें सांगावें, कारण तापलेलें यंत्र आपली खोड लपवितें. वेग देतांना निळसर धूर सुटला तर आंत तेल जळत आहे. दुधाचे कॅन वाहिलेल्या गाडीच्या मागील सांगाड्यास वेल्डिंगचे जोड आहेत काय, हें खालीं वाकून पाहावें. हें स्वतःस जमत नसेल तर ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. त्याची मजुरी वांयां जात नाहीं.

सर्वांत मोठी चूक पुढें होते. पैसे दिले, किल्ली घेतली, आणि नांव तसेंच राहिलें! नमुना २९ व ३० वर सह्या झाल्यानंतर विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कचेरीस कळवावें असा कायदा आहे; विमा नांवावर करून घेण्याचा अर्जही १४ दिवसांत द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानें सन २०१८ मध्यें असें ठरविलें कीं, अपघाताच्या भरपाईसाठीं नोंदणींत ज्याचें नांव तोच मालक. म्हणजे गाडी विकलेल्या शेतकऱ्याच्या दारीं, ती दुसऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताची नोटीस येऊं शकते. यास्तव हें काम जितकें घेणाऱ्याचें, तितकेंच विकणाऱ्याचेंही आहे.

जमिनीचा फेरफार मंजूर झाल्यावांचून आपण स्वस्थ बसत नाहीं. गाडीच्या बाबतींतही तीच शिस्त पाळावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.