विनाशस्त्र सभा

ग्रामपंचायतीच्या कचेरीत, नगरपंचायतीच्या सभागृहात किंवा तहसिलीच्या ओसरीवर माणसाने शस्त्र घेऊन यावे काय, असे विचारले तर बहुतेक श्रोते म्हणतील, "यात विचारावयाचे काय? येऊ नये." उत्तर बरोबर आहे. पण आलापल्लीत बसून त्याचा विचार करू लागले की ते वाटते तितके सोपे राहत नाही. भामरागड-एटापल्लीच्या वाटेने आमच्याकडे बाजाराला किंवा कामाला उतरणाऱ्या माडिया गृहस्थाच्या खांद्यावर कुऱ्हाड असते. ती त्याने कोणाला धाक दाखविण्यासाठी आणलेली नसते. वाटेत आडवे पडलेले झाड तोडावयाचे, बांबू काढावयाचा, परतताना सरपणाची मोळी बांधावयाची, यासाठी ती लागते. शिवाय वाट जंगलाची आहे. वाघ या जिल्ह्यात नवा नाही आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचीही त्यात भर पडली आहे. अशा वाटेवर हातात काही नसलेला माणूस शहाणा समजला जात नाही.

आता कचेरीच्या दारावर 'शस्त्रास मनाई' अशी पाटी लागली असे समजा. दारावरचा शिपाई प्रथम कोणाला अडवील? कुऱ्हाडवाल्याला. आणि सदऱ्याखाली पिस्तूल खोचलेला किंवा बंदूकधारी अंगरक्षक मागे घेऊन आलेला मोठा माणूस आला, तर हाच शिपाई उठून नमस्कार करील. आमच्या मते या वादाचे मर्म नेमके येथे आहे. बंदी असावी की नसावी हा प्रश्न दुय्यम. शस्त्र कशाला म्हणावयाचे आणि बंदी कोणासाठी, हा पहिला.

कायदा याविषयी काय म्हणतो ते आधी पाहू. भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. तो १ ऑक्टोबर १९६२ रोजी अंमलात आला. त्यात शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यात बंदुकीबरोबर धारदार हत्यारेही येतात. परंतु केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू तिने स्पष्टपणे वगळल्या आहेत. लाठी आणि साधी हातकाठी यांचा तर नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे शेतकऱ्याचा विळा, लाकूडतोड्याची कुऱ्हाड ही कायद्याच्या लेखी अवजारे होत. पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मिळण्याची सोयही याच कायद्यात आहे, मात्र तिला परवाना लागतो. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. परवाना नसलेल्या अशा किती भरमार रानातल्या गावांत होत्या याची मोजदाद कोणी केली नव्हती. अलीकडच्या वर्षांत गडचिरोली पोलिसांच्या आवाहनावरून अनेक गावांनी त्या आपण होऊन जमा केल्या.

याच्या जोडीला दुसरा कायदा आहे, १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम. आज त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याच्या ३७ व्या कलमाचा हुकूम सणावाराच्या किंवा आंदोलनाच्या तोंडावर वर्तमानपत्रात छापून येतो, तो आपण सर्वांनी वाचला असेल. भाले, तलवारी, सोटे, बंदुका, सुरे, काठ्या, एवढेच काय, इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरण्यास, दगड गोळा करून ठेवण्यासही जिल्हादंडाधिकारी त्यान्वये मनाई करू शकतात. एका कायद्याने जे अवजार ठरविले ते दुसऱ्या कायद्याच्या हुकुमात, तेवढ्या दिवसांपुरते, हत्यार ठरू शकते. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण त्यांच्यामध्ये सापडलेल्या कुऱ्हाडवाल्याला ते कोणी समजावून सांगत नाही. (वनखात्याच्या कचेरीत तर कुऱ्हाड बहुधा मुद्देमाल म्हणूनच दाखल होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.)

शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क आहे, मग कचेरीच्या दारात तो हक्क संपतो कसा, असे काही सुशिक्षित मंडळी विचारतात. या प्रश्नाला आपल्या देशात मोठा इतिहास आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी प्रजेला निःशस्त्र करण्याचे धोरण धरले. त्याच उठावाच्या लाटेत आमच्या अहेरी भागातले बाबूराव शेडमाके लढले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. पुढे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवाना हवा आणि युरोपियनाला त्यातून सूट, असा त्याचा उघड पंक्तिप्रपंच होता. त्यामुळे हा कायदा रद्द व्हावा ही मागणी राष्ट्रीय चळवळीच्या स्वाभिमानाची मागणी झाली, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला.

हाच धागा धरून डिसेंबर १९४८ च्या आरंभी घटना समितीत हरी विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेतच लिहावा अशी दुरुस्ती सुचविली. कामत हे मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी होते, आणि आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता; म्हणजे ही मागणी एका अर्थी आपल्याच प्रांताच्या बाकावरून झाली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. परक्या सरकारने साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र केले होते तेव्हा ही मागणी योग्य होती. पण आता हा हक्क मूलभूत केला तर ज्यांच्या हाती शस्त्र कधीच जाऊ नये अशा चोर-दरोडेखोरांनाही तो मिळेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दुरुस्ती नामंजूर झाली. तेव्हापासून आपल्या देशात शस्त्र बाळगणे हा परवान्याचा विषय आहे, हक्काचा नाही.

घटनेत शस्त्राचा उल्लेख मात्र वेगळ्याच ठिकाणी आला. १९ व्या अनुच्छेदाने नागरिकांना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आणि त्याला दोन विशेषणे लावली: शांततेने आणि विनाशस्त्र. आम्हांस हा शब्द फार मोलाचा वाटतो. पुष्कळ लोक तो सरकारने जमावावर घातलेली अट म्हणून वाचतात. तो जमलेल्यांपैकी प्रत्येकाला दिलेला दिलासाही आहे. सभेत शेजारी बसलेल्याच्या कमरेला पिस्तूल आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याचे मत त्या पिस्तुलाला वळसा घालूनच तोंडाबाहेर पडते. पिस्तूल बाहेर काढावे लागत नाही. ते तेथे असणे पुरते.

मतदानाच्या बाबतीत कायद्याने हे ओळखले आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमात १९९६ साली एक कलम घालण्यात आले. त्यानुसार निवडणुकीचे अधिकारी, पोलीस आणि बंदोबस्तावर नेमलेली माणसे सोडून कोणीही मतदान केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन जाऊ शकत नाही. गेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. शस्त्र जप्तीस पात्र आणि परवाना रद्द. परवान्याची शस्त्रे निवडणुकीपूर्वी पोलिसांकडे जमा करून घेण्याची पद्धतही आहे. त्यात सरसकट सर्वांना एकच हुकूम न देता प्रत्येक परवान्याचा विचार समितीने करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये सांगितले. आता पाहा, खेड्यात मतदान केंद्र कोठे असते? शाळेत, नाही तर पंचायतीच्या इमारतीत. त्या एका दिवशी ती इमारत विनाशस्त्र असते. पुढच्या महिन्यात त्याच खोलीत ग्रामसभा भरते, हात वर करून मत द्यावयाचे असते, कोणी कोणत्या बाजूने हात वर केला हे साऱ्या गावाला दिसत असते. आणि त्या दिवशी असा कोणताही खास नियम नसतो. गुप्त मतदानाला जे संरक्षण आहे ते उघड मतदानाला नसावे, ही उलटी गोष्ट झाली.

आणि ग्रामसभा म्हणजे केवळ हजेरीपट नव्हे. अहेरी तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी येथील ग्रामसभांच्या हाती तेंदूपाने आणि बांबू यांचा व्यवहार आला. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, ते उदाहरण देशभर सांगितले जाते. तेंदूच्या मोसमात गावे स्वतः बोली घेतात आणि कंत्राटदार गावात येतात. जेथे पैशाचा निर्णय होतो तेथे दबाव येतो, मग तो दिल्लीत असो की डोंगरातल्या टोल्यावर. या भागाने तर दुहेरी दबाव पाहिला. १९८० च्या सुमारास नक्षलवादी प्राणहिता ओलांडून आले. त्यानंतर रात्री एका बंदुकीने विचारावे आणि दिवसा दुसरीने, असे दिवस अनेक गावांनी काढले. पंचायतीच्या इमारती जाळल्या गेल्या, धमक्यांमुळे निवडून आलेल्यांनी राजीनामे दिले, काहींना जिवास मुकावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखला जाणारा त्यांचा मोठा नेता आपल्या ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवून शरण आला. तेव्हा सभेत मोकळेपणाने बोलण्याची सवय नव्याने लावण्याची हीच वेळ आहे, असे आम्हांस वाटते.

बाहेरच्या जगाकडेही एक नजर टाकू. प्राचीन रोममध्ये नगराची एक पवित्र सीमा मानलेली होती आणि तिच्या आत शस्त्रधारी सैन्य आणणे निषिद्ध होते. इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहात सदस्यांच्या कोट ठेवण्याच्या खोलीत प्रत्येक खुंटीला तलवार अडकविण्यासाठी एक फीत अजून लावलेली असते. तलवारी गेल्या, फीत राहिली. अमेरिकेत शस्त्र बाळगणे घटनेने दिलेला हक्क आहे, पण तेथल्याही सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या निकालात शाळा आणि सरकारी इमारती यांतील बंदीला धक्का लावला नाही. तरीही मिशिगन राज्यात ३० एप्रिल २०२० रोजी निदर्शक रायफली घेऊन विधिमंडळाच्या इमारतीत शिरले, कारण तेथे त्यास मनाई नव्हती. उघडपणे शस्त्र घेऊन येण्यास बंदी झाली ती जानेवारी २०२१ मध्ये.

आपल्याकडे याच प्रश्नाची अवघड बाजू १९८९ साली पुढे आली. सिमरनजितसिंग मान पंजाबातील तरनतारन येथून लोकसभेवर निवडून आले. मोठी कृपाण घेऊन सभागृहात जाऊ देत नाहीत म्हणून त्यांनी आत जाण्याचे नाकारले आणि पुढच्या वर्षी राजीनामा दिला. शिखांनी कृपाण धारण करणे हा धर्माचरणाचा भाग आहे असे घटनेच्या २५ व्या अनुच्छेदातच म्हटले आहे. तेव्हा पेच खरा होता. वाद कृपाणीचा नव्हता, तिच्या लांबीचा होता. आमच्या कुऱ्हाडीला कृपाणीप्रमाणे घटनेचा आधार नाही, पण ती ज्याच्या खांद्यावर आहे त्याला ती अंगावरच्या वस्त्राइतकीच जवळची आहे, हे दारावर बसणाऱ्याने विसरू नये.

परवाना असलेल्याचे काय, असा आक्षेप येईल. त्याची चौकशी होऊनच परवाना मिळाला आहे, त्याच्यावर अविश्वास का? याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनात, एका आमदाराने दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्याचे प्रकरण घडले. त्याचा न्याय न्यायालय करील. आपल्यापुरते एवढेच की जागा पोलीस ठाण्याची होती. सहाच दिवसांनी दहिसरला एका माजी नगरसेवकाचा गोळ्या घालून खून झाला. तेथे वापरलेल्या पिस्तुलाचा परवाना मारेकऱ्याच्या नावाने नव्हता, त्याच्या अंगरक्षकाच्या नावाने होता. परवाना एका हाताची चौकशी करतो. पिस्तूल हात बदलते.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. ज्या सरपंचाला किंवा सदस्याला खरोखर धोका आहे, त्याने संरक्षण दारात सोडून यावे काय? या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही, आणि त्याला फटकन उत्तर देणारा माणूस या भागातला नसावा. आमचे म्हणणे असे की संरक्षण माणसाला द्यावयाचे तर ते दारावर उभे राहावे. सरकारी पोलीस दाराबाहेर असला की आतल्या सर्वांचेच रक्षण होते. खासगी बंदूकधारी एकाच्या पाठीशी आत बसला की बाकीच्यांचे होत नाही. मतदान केंद्रावरही अंगरक्षकांना बाहेरच थांबवितात, अगदी वरच्या दर्जाच्या सुरक्षेचा अपवाद सोडून.

आता व्यवहाराचे दोन शब्द. पंचायतीला स्वतः शस्त्रकायदा करता येत नाही. तो अधिकार वरचा आहे. पण सभेची शिस्त राखणे सभेच्या अध्यक्षाकडे असते, आणि ग्रामसभा ठराव करून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे मागणी करू शकते. ठराव लिहिताना 'हत्यारे' असा मोघम शब्द घालू नये. बंदूक, पिस्तूल, तलवार, गुप्ती ही नावे लिहावीत आणि परवाना असला तरी, पद कोणतेही असले तरी, असे त्यापुढे स्पष्ट लिहावे. कुऱ्हाड, कोयता, विळा, काठी यांच्यासाठी कचेरीच्या ओसरीवर खुंट्यांची एक फळी ठोकावी. आलापल्लीत सागवानाला तोटा नाही. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठीही येथून सागवान गेले, तेव्हा पंचायतीला एक फळी मिळण्यास अडचण पडू नये. फळीवर कुऱ्हाड ठेवणाऱ्याचे नाव विचारू नये, चिठ्ठी देऊ नये. ज्याची कुऱ्हाड त्याला दांड्यावरून ओळखता येते.

बंदुकीसाठी मात्र अशी खुंटी ठेवता येणार नाही. ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या ताब्यात बंदूक देणे हा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि पंचायतीच्या शिपायाकडे परवाना नसतो. तेव्हा सभेला येणाऱ्याने बंदूक घरी कुलपात ठेवून यावे, किंवा ती रीतसर पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. अहेरीचे ठाणे येथून फार दूर नाही, आणि सभेची दवंडी आधीच पिटलेली असते.